चित्रकाराची वही आणि संगणकीय नोंद : अजिंठ्याच्या प्रतिकृती व खानदेशातील नोंदपरंपरा यांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

इतिहासाचे साधन म्हणून चित्राला आता सर्वमान्यता मिळाली आहे. परंतु ज्या कामातून ते चित्र निर्माण झाले, त्या कामाच्या नोंदीकडे मात्र अद्यापही दुय्यम दृष्टीने पाहिले जाते. चित्र जपले जाते. चित्रकाराची वही रद्दीत जाते. पुस्तक ग्रंथालयात येते. त्या पुस्तकातील कोणता नमुना कोणी, कोठे, कोणत्या रंगांनी उतरविला हे कोणी लिहून ठेवीत नाही. कारागीर चित्रकाराची पुस्तके, नमुने, रंग आणि हाती घेतलेली कामे यांची व्यवस्था लावणाऱ्या संगणकीय सॉफ्टवेअरचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. वरकरणी हा विषय तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास, धुळे व चाळीसगाव येथील संग्रहांची परंपरा आणि नोंदव्यवस्थेच्या संगणकीय प्रणाली यांचा एकत्रित विचार केला आहे. नोंदीच्या तक्त्यात कोणते रकाने ठेवायचे हे ठरविणारा मनुष्यच पुढे कोणाची आठवण राहील हेही ठरवितो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कारागीर चित्रकाराचे दप्तर

देवळाच्या भिंती, नाटकाचे पडदे, दुकानांच्या पाट्या, लाकडी वस्तू आणि मातीच्या मूर्ती रंगवून उपजीविका करणारा तो कारागीर चित्रकार, अशी येथे व्याख्या केली आहे. त्याच्या कामास चार गोष्टी लागतात. पहिली पुस्तक, म्हणजे छापील ग्रंथ, मासिकातील पान, दिनदर्शिका किंवा गुरूची जुनी वही. दुसरी नमुना, म्हणजे त्या पुस्तकातून घेतलेली आकृती, वेलबुट्टी किंवा अक्षराचे वळण. तिसरी रंग, त्यांची मिश्रणे आणि प्रमाणे. चौथी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष काम : गिऱ्हाईक कोण, जागा कोणती, माप किती, काम केव्हा सुरू झाले व केव्हा संपले.

या चार गोष्टींचे नाते गुंतागुंतीचे असते. एका पुस्तकात अनेक नमुने असतात. एकच नमुना अनेक कामांत वापरला जातो. एका कामात अनेक रंग लागतात आणि एकच रंग अनेक कामांत येतो. वहीमध्ये हे नाते एका ओळीत मांडता येत नाही. म्हणून बहुतेक चित्रकार ते स्मरणात ठेवतात, आणि चित्रकार गेला की ते स्मरणही जाते. वैयक्तिक संगणकाच्या प्रसारानंतर सजावटीचे काम करणाऱ्यांसाठी अशा नोंदींची छोटी सॉफ्टवेअर तयार होऊ लागली, ती याच गरजेतून. त्यांमागील तत्त्व एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित माहितीरचनेत सापडते : प्रत्येक प्रकारच्या माहितीचा स्वतंत्र तक्ता ठेवावा आणि तक्त्यांना क्रमांकांनी परस्परांशी जोडावे. माहिती एकदाच लिहिली जाते, परंतु ती हव्या त्या बाजूने शोधता येते.

ही सोय नसल्यामुळे काय गमवावे लागते, याचे सर्वांत मोठे उदाहरण खानदेशाच्या उंबरठ्यावरच आहे.

रॉबर्ट गिल : चित्रे जळाली, नोंद अपुरी राहिली

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी जळगावपासून ती सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथे पोहोचला आणि लेण्यांची वार्ता युरोपीय जगास कळली. जेम्स फर्ग्युसनच्या लेखनामुळे १८४३ नंतर अभ्यासकांचे लक्ष चित्रांच्या दुरवस्थेकडे वेधले गेले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली.

गिल सुमारे दोन दशके या कामात होता. त्याने मोठ्या कापडांवर तैलरंगात केलेल्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. वाचलेल्या चित्रांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. गिलने छायाचित्रणही केले होते. त्याची छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे त्याच्या कामाचा एक अंश छापील पानांवर टिकला. १८७९ मध्ये गिलचा मृत्यू झाला आणि त्याचे दफन भुसावळ येथे करण्यात आले.

या प्रकरणात इतिहासाच्या अभ्यासकास अस्वस्थ करणारी बाब केवळ आगीची नाही. वीस वर्षांच्या कामात रंग घोटणारे, कापड ताणणारे, परांची बांधणारे आणि अंधाऱ्या लेण्यात उजेडाची सोय करणारे हात कोणाचे होते, हे चित्रांच्या यादीत येत नाही. गिलच्या सहवासातील पारो या स्त्रीचे नाव अजिंठा गावातील तिच्या थडग्यामुळे टिकले. नाव कोरण्यासाठी दगड मिळाला म्हणून ते उरले. ज्यांना दगड मिळाला नाही त्यांचे उरले नाही.

ग्रिफिथ्स आणि मुंबईचे विद्यार्थी

गिलच्या प्रतिकृती जळाल्यामुळे हे काम पुन्हा करावे लागले. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ पासून सजावटीच्या चित्रकलेचे अध्यापन करणारे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास काम सुरू केले. मधूनमधून खंडित होत ते १८८५ पर्यंत चालले. सुमारे तीनशे प्रतिकृती तयार झाल्या आणि त्यांपैकी बहुतांश लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडे गेल्या. १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि अनेक प्रतिकृती जळाल्या किंवा खराब झाल्या. एकाच लेणीसमूहाच्या प्रतिकृती वीस वर्षांच्या आत दोनदा आगीत सापडाव्यात, हा विलक्षण दैवदुर्विलास होय.

तथापि दोन्ही प्रसंगांत एक महत्त्वाचा फरक आहे. ग्रिफिथ्स यांचे काम प्रारंभापासून एका शिक्षणसंस्थेचा प्रकल्प होते. प्रत्येक प्रतिकृती कोणत्या लेण्यातील, कोणत्या जागेची, याची व्यवस्थित मांडणी झाली होती. त्यामुळे १८९६-९७ मध्ये लंडनहून दोन खंडांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध होऊ शकला. पहिल्या खंडात प्रामुख्याने प्रसंगचित्रे असून दुसरा खंड सजावटीच्या नक्षीस वाहिलेला आहे. छतावरील चौकटी, कमळे, हंस, फळे आणि वेलपट्ट्या असे नमुने त्यात कारागिरास उपयोगी पडतील अशा पद्धतीने दिले आहेत. कारागीर चित्रकाराच्या दृष्टीने हा दुसरा खंड म्हणजे नमुन्यांचे पुस्तकच होय. मूळ भिंत झिजली, प्रतिकृती जळाली, तरी नमुना टिकला, तो नोंदीमुळे.

परंतु या नोंदीतही एक रकाना अपुरा राहिला, तो कर्त्याचा. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव एकट्या ग्रिफिथ्स यांचे आहे. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून ख्याती पावलेले पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८) यांच्यासारख्यांचा सहभाग सर्वज्ञात आहे. काही प्रतिकृतींच्या संदर्भात अन्य विद्यार्थ्यांची नावेही मिळतात. तथापि सर्वसाधारण वाचकाच्या स्मरणात ते सारे ‘ग्रिफिथ्सचे विद्यार्थी’ या एका शब्दप्रयोगात सामावले गेले आहेत. याच्या तुलनेत लेडी हेरिंगहॅम यांच्या पुढाकाराने १९०९ ते १९११ या काळात झालेल्या प्रतिकृती पाहाव्यात. इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सय्यद अहमद आदी चित्रकारांची नावे त्या कामाशी स्पष्टपणे जोडली गेली. दोन्ही प्रकल्पांत श्रम सारखेच होते. नोंदीची दृष्टी बदलली म्हणून श्रेयाचे वाटप बदलले.

क्रमांक, स्थळ आणि नाव

अजिंठ्याच्या नोंदींतून सॉफ्टवेअरच्या रचनेस उपयुक्त असे तीन धडे मिळतात.

पहिला धडा क्रमांकाचा आहे. लेण्यांना दिलेले प्रचलित क्रमांक त्यांच्या जागेनुसार आहेत, काळानुसार नाहीत. म्हणूनच लेणे क्र. ९ व १० ही सर्वांत प्राचीन लेण्यांपैकी असूनही क्र. १ चे लेणे त्यांच्यानंतर काही शतकांनी खोदले गेले. पुढे क्र. १५ व १६ यांच्या दरम्यान आणखी एक लेणे लक्षात आले, तेव्हा त्यास ‘१५ ए’ असा क्रमांक द्यावा लागला. तात्पर्य, क्रमांक हा केवळ ओळख पटविण्यासाठी असावा. त्यात जागा, काळ किंवा महत्त्व यांपैकी काहीही कोंबू नये. चित्रकाराच्या कामांनाही साधा, अर्थनिरपेक्ष अनुक्रमांक द्यावा आणि वर्ष, जागा, प्रकार यांसाठी वेगळे रकाने ठेवावेत.

दुसरा धडा स्थळाचा आहे. गिल काम करीत होता तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होते आणि शेजारचा खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली होता. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेश म्हणजे पुढचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. औरंगाबादचे नावही अलीकडे बदलले. ‘जिल्हा’ या एकाच रकान्यात केवळ आजचे नाव लिहिले, तर जुन्या कागदांशी सांधा जुळत नाही. केवळ जुने नाव लिहिले, तर नव्या अभ्यासकास ते सापडत नाही. गावाच्या नावासोबत नोंदीच्या काळचा जिल्हा व आजचा जिल्हा असे दोन्ही लिहिणे हाच त्यावरील उपाय होय.

तिसरा धडा नावाचा आहे. अजिंठा, अजंठा, अजंता अशी तीन रूपे मराठी मजकुरात आढळतात. मनुष्य ती एकच आहेत हे ओळखतो. संगणक ओळखत नाही. त्यामुळे प्रमाण रूप आणि पर्यायी रूपे यांची यादी आधी करून ठेवणे आवश्यक ठरते. व्यक्तिनामांच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण इंग्रजी लेखकांनी आपल्या कानाला आले तसे मराठी, पारशी व मुसलमान कारागिरांच्या नावांचे लेखन केलेले आहे.

खानदेशातील नोंदीची परंपरा

नोंदीची ही शिस्त बाहेरून आणावी लागेल असे मात्र मुळीच नाही. धुळे हे त्या शिस्तीचे मोठे केंद्र आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे बावीस खंड निघाले. प्रत्येक कागदास लेखांक, मितीचा निर्णय, तो कोणाच्या दप्तरातून मिळाला याचा निर्देश आणि आवश्यक तेथे टीप, ही त्यांची पद्धत आजच्या माहितीकोशाच्या परिभाषेत सांगावयाची तर एक सुविहित तक्ताच आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह सांभाळला. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा मोठा संचय झाला. सुटे कागद रुमालात बांधून, त्यावर क्रमांक घालून, त्यांची यादी करणे ही रीत येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली होती.

मात्र ही परंपरा मुख्यतः लिखित कागदाची राहिली. रंगाच्या आणि हातकामाच्या नोंदींचा विचार करताना जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. छायाचित्रण, विशेषतः टेबलावर लहान वस्तूंची मांडणी करून केलेले छायाचित्रण, चित्रकला, शिल्प व काष्ठकाम अशा अनेक माध्यमांत त्यांनी काम केले. आयुष्याची कित्येक दशके त्यांनी आपल्या घरातच, ग्रंथ व कलावस्तूंच्या सहवासात घालविली. ते घर आज कलादालनाच्या रूपाने जपलेले आहे. अशा एका कलावंताच्या संग्रहात पुस्तक, प्रेरणा, साधन आणि कलाकृती एकाच छताखाली असतात. त्यांची केवळ वस्तुसूची केली तर वस्तू मोजल्या जातील. परंतु कोणत्या ग्रंथाच्या वाचनातून कोणती कृती आकारास आली, हे नाते सूचीत येणार नाही. कलावंताच्या मनाचा इतिहास नेमका त्या नात्यात असतो.

ग्रंथालय आणि संग्रहालय यांच्या मधली जागा

महाविद्यालयीन प्राध्यापकांस परिचित असलेले नोंदीचे सॉफ्टवेअर म्हणजे ग्रंथालयाचे. युनेस्कोने वैयक्तिक संगणकासाठी १९८५ पासून उपलब्ध केलेले ‘सीडीएस आयसिस’ आणि इन्फ्लिबनेटने २००० मध्ये आणलेले ‘सोल’ यांच्या द्वारे आपल्याकडील अनेक ग्रंथालयांचे संगणकीकरण झाले. दुसऱ्या बाजूस, पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली विकसित केली असून राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी तिच्या साहाय्याने झाल्या आहेत. या दोन्ही प्रकारांची उपयुक्तता वादातीत आहे. तथापि ग्रंथालयाची नोंद पुस्तकाच्या मुखपृष्ठापाशी थांबते, आणि संग्रहालयाची नोंद वस्तू पूर्ण झाल्यावर सुरू होते. पुस्तक उघडल्यापासून वस्तू पूर्ण होईपर्यंत जे घडते, ते म्हणजे काम. त्या कामाची नोंद दोन्हींच्या मध्ये निसटते. चित्रकाराची पुस्तके व प्रकल्प यांची एकत्र व्यवस्था लावणाऱ्या सॉफ्टवेअरचे महत्त्व ही मधली जागा भरून काढण्यात आहे.

मराठीपुरती एक अडचण आणखी आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी आपल्याकडील मजकूर वेगवेगळ्या फाँटच्या खासगी संकेतांत टंकलिखित होत असे. देवनागरीसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले होते आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीस स्थान मिळाले होते. तरीही छपाईच्या सोयीसाठी जुने फाँट दीर्घकाळ वापरात राहिले. त्या संकेतांत केलेली सूची मूळ फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हांची माळ म्हणून दिसते. तिचा शोध घेता येत नाही की अकारविल्हे लावता येत नाही. आगीत जळालेली प्रतिकृती आणि न वाचता येणारी सूची यांत अभ्यासकाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. म्हणून नोंद युनिकोडमध्ये असावी, ती साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता यावी आणि तिची एक प्रत वेगळ्या ठिकाणी असावी, ही किमान अट मानली पाहिजे. गिल व ग्रिफिथ्स यांची चित्रे प्रत्येक वेळी एकाच इमारतीत एकवटलेली होती, हे या संदर्भात विसरता येत नाही.

आजची निकड

हा विचार केवळ गतकालापुरता नाही. डिजिटल छपाईचे फ्लेक्स फलक आल्यानंतर जळगाव, धुळे यांसारख्या शहरांतील हाताने पाट्या रंगविणाऱ्या चित्रकारांचे काम झपाट्याने आटले. दुकानांवरील अक्षरांची वळणे, गणेशोत्सवातील देखावे, ट्रकच्या मागील चित्रे यांत खानदेशाच्या लोकजीवनाचा अर्धशतकाचा इतिहास साठलेला आहे. त्या चित्रकारांच्या पिढीकडे नमुन्यांच्या वह्या, छिद्रे पाडलेले कागद, बिलबुके आणि रंगांच्या मिश्रणाचे ज्ञान आहे. पाटी उतरविली गेली की ती भंगारात जाते. वही मात्र अजून वाचविता येण्याजोगी आहे.

या दृष्टीने पुढील नऊ रकाने पुरेसे व्हावेत : कामाचा अनुक्रमांक, कर्ता व साहाय्यक यांची नावे, काम करवून घेणारा, स्थळ, तत्कालीन व आजच्या नावासह, आरंभ व समाप्ती, आधारभूत पुस्तक व पान, नमुना, रंग व त्यांचे प्रमाण, आणि माहिती कोणी, केव्हा दिली. यांपैकी दुसरा व शेवटचा रकाना कोणत्याही परिस्थितीत रिकामा ठेवू नये. दुसरा रकाना श्रमिकाचे श्रेय राखतो आणि शेवटचा नोंदीची विश्वासार्हता. माहिती देणाऱ्या चित्रकाराची संमती घेणे व वहीवरील त्याचा हक्क मान्य करणे हे ओघानेच आले. भारतीय कायद्यानुसार कलाकृतीवरील स्वामित्वहक्क सामान्यतः निर्मात्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, याचे भान संस्थांनीही ठेवावे.

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. इतिहास, मराठी, ग्रंथालयशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन पदवी वर्गाच्या प्रकल्पांतून हे काम करता येईल. एका विद्यार्थ्याने एका चित्रकाराची एक वही नोंदविली, तरी काही वर्षांत खानदेशाचा एक स्वतंत्र कलासंदर्भकोश आकारास येऊ शकेल.

समारोप

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास असे दर्शवितो की, कलाकृतीचे आयुष्य आगीच्या एका ठिणगीवर अवलंबून असते, परंतु तिची काळजीपूर्वक केलेली नोंद अनेक पिढ्यांच्या उपयोगी पडते. तोच इतिहास असेही दर्शवितो की, नोंदीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना पुढे इतिहासातही जागा मिळणे कठीण होते. सॉफ्टवेअर ही उणीव आपोआप दूर करीत नाही. रकाना नसेल तर संगणकही मौन पाळतो. राजवाड्यांनी कागदासाठी जी शिस्त घालून दिली, तीच रंगासाठी व हातकामासाठी लावणे आणि कर्त्याच्या नावाचा रकाना सर्वप्रथम भरणे, हे खानदेशातील महाविद्यालयांपुढील व्यवहार्य असे कार्य आहे.